बर्गीच्या गावची पोरगी कोलकात्यात

आजचा भाग कोलकात्याचा. गेल्या हिवाळ्यात मी एकटी आठ दिवस तिकडे जाऊन आले आणि तेव्हापासून तुमच्यातले बरेच जण विचारताहेत, राहिलीस कुठे, खाल्लंस काय, बजेट किती. सगळं सांगते. पण आधीच सांगून ठेवते, हा 'टॉप टेन' टाइपचा भाग नाही. व्हिक्टोरिया मेमोरियल, हावडा ब्रिज तुम्हाला कुठल्याही रीलमध्ये दिसतील. मला बोलायचंय ते तिथल्या खाणावळींबद्दल, बागबाजार नावाच्या एका वस्तीबद्दल आणि एका शब्दाबद्दल. तो शब्द म्हणजे 'बर्गी'.

मी नागपूरची. महालातली. भोसल्यांचा वाडा आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. रघुजीराजांच्या फौजा थेट बंगालपर्यंत गेल्या होत्या, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं, आणि ते सांगणाऱ्याची छाती सांगता सांगता दोन इंच फुगलेली असायची. धडक मारली, चौथाई आणली, गोष्ट संपली. तिथे ज्यांच्यावर धडक मारली त्यांचं काय झालं, हा प्रश्न कुणी विचारायचं नाही आणि कुणी आपणहून सांगायचंही नाही.

नागपूरहून कोलकाता तसं सोपं आहे. संध्याकाळी गीतांजलीत बसा, दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. आईने डब्यात पुरी-भाजी आणि वर संत्रा बर्फीचे दोन बॉक्स दिले होते. "कोणाकडे रिकाम्या हाती जाऊ नको." मी म्हटलं, आई, मी हॉटेलात उतरणार आहे, तिथे कोणाला बर्फी देऊ? ती म्हणाली, "राहू दे बाप्पा, कामात येते."

आली कामात.

न्यू मार्केटच्या बाजूला एका लॉजमध्ये ॲपवरून बुकिंग केलं होतं, पैसेही भरले होते. नाव घेत नाही. काउंटरवरच्या माणसाने आधार कार्ड उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "सोबत कोण आहे?" कोणी नाही म्हटल्यावर, "सिंगल लेडीला रूम देत नाही, पॉलिसी आहे." म्हटलं, पैसे घेताना पॉलिसी कुठे होती? तो म्हणाला, ॲपला विचारा. ॲपवाल्यांना फोन लावला तर ते म्हणाले, हॉटेलला विचारा. मुलींनो, नीट ऐका. एकट्या सज्ञान बाईला खोली देऊ नये असा आपल्या देशात कुठलाही कायदा नाही. ही फक्त त्या त्या काउंटरची मर्जी असते. त्यामुळे एकट्या जाणार असाल तर बुकिंग केल्यावर थेट हॉटेलात फोन करायचा आणि "मी एकटी येतेय" असं स्पष्ट सांगायचं, शक्यतो व्हॉट्सॲपवर लेखी घ्यायचं. मी हे सगळं केलं होतं बरं का. तरीही. पैसे नऊ दिवसांनी परत आले.

तर मी सॅक घेऊन फुटपाथवर. ऑफिसमधल्या एका बंगाली मैत्रिणीला फोन केला. ती आधी त्या लॉजवाल्याच्या सात पिढ्यांबद्दल बोलली, मग म्हणाली, "दहा मिनिटं थांब." दहाव्या मिनिटाला पत्ता आला. तिची मावशी, बागबाजारला राहते, खाली एक खोली आहे, पूर्वी पेइंग गेस्ट ठेवायची. "एस्प्लनेडहून मेट्रो पकड, श्यामबाजारला उतर, पुढे चालत जा."

बंगालीत मावशीला 'मासी', आणि वयाने मोठ्या बाईला मान देऊन 'मासीमा'. मीही पहिल्या मिनिटापासून मासीमाच म्हणायला लागले. सत्तरीच्या पुढच्या, पोस्टातून रिटायर झालेल्या, एकट्या. घर म्हणजे आपला वाडाच हो! मध्ये चौक, तिन्ही बाजूंनी खोल्या, लाल गुळगुळीत कोबा, हिरव्या लाकडी पट्ट्यांच्या खिडक्या. आणि दाराबाहेर रस्त्याला लागून ओटा. त्याला ते 'रोक' म्हणतात. संध्याकाळ झाली की त्या ओट्यावर पाड्यातले काका लोक येऊन बसतात. पाडा म्हणजे आपली आळी. तिथे फुटबॉल, राजकारण, कोणाचा मुलगा कुठे लागला, कोणाचं घर प्रोमोटरला गेलं, सगळं निघतं. बिल्डरला तिकडे 'प्रोमोटर' म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना आवाज आपोआप खाली जातो.

मी बर्फीचा बॉक्स पुढे केला. मासीमांनी नाव विचारलं, गाव विचारलं.

"नागपूर."

त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसत सुटल्या. "ओ मा! तुमी तो बर्गी!"

वर एक शेजारीणबाई उभ्या होत्या, त्यांना हाक मारून सांगितलं, बघा, आपल्याकडे बर्गी आली आहे, मिठाई घेऊन आली आहे. दोघी हसताहेत आणि मी मधे उभी. मला बर्गी म्हणजे काय हे माहीतच नव्हतं. वाटलं, बर्फीला म्हणत असतील.

रात्री जेवताना त्यांनी सांगितलं. बर्गी म्हणजे मराठे. आपला 'बारगीर' शब्द, ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळतं तो स्वार. स्वतःचा घोडा असेल तर शिलेदार. तोच बारगीर बंगालीत जाऊन बर्गी झाला. आणि तो शब्द आहे कुठे, तर अंगाईत. बंगालमधल्या जवळपास प्रत्येक बाळाने ती ऐकलेली असते. बाळ झोपलं, आळी शांत झाली, आणि बर्गी आले. आता सारा कुठून भरायचा, अशी त्यातली काळजी. मासीमांनी ती म्हणून दाखवली. चाल इतकी गोड की अर्थ कळला नसता तर मीही पेंगले असते. त्यांनी ती आपल्या मुलांना म्हटली, त्यांच्या आईने त्यांना म्हटली होती. म्हणजे आपल्याकडे "झोप, नाहीतर बागुलबुवा येईल" म्हणतात ना, तिकडे तो बागुलबुवा आम्ही. माझ्या महालातून गेलेला.

खोलीवर जाऊन मी फोनवर वाचत बसले. थोडक्यात सांगते. 1742 ते 1751, जवळजवळ दहा वर्षं, नागपूरकर भोसल्यांच्या फौजा पुन्हा पुन्हा बंगालवर जात होत्या. पहिल्या स्वारीचे सेनापती भास्करराम कोल्हटकर, बंगालमध्ये भास्कर पंडित. 1744 साली नवाब अलिवर्दीखानाने त्यांना तहाची बोलणी करायला म्हणून तंबूत बोलावलं आणि सरदारांसकट मारलं. त्यानंतर सूड म्हणून आणखी स्वाऱ्या. शेवटी 1751 मध्ये तह झाला, नवाबाने ओडिशा सोडला आणि वर्षाला बारा लाख चौथाई कबूल केली. आमच्याकडची गोष्ट इथे 'विजय' म्हणून संपते. त्याच सुमारास गंगाराम नावाच्या बंगाली कवीने या स्वाऱ्यांवर एक काव्य लिहिलं, त्याचं नाव 'महाराष्ट्र पुराण'. त्यात गावं पेटतात, लोक पळत सुटतात. पंडित पोथ्या घेऊन, सोनार तराजू आणि वजनं घेऊन, कोळी जाळी घेऊन. बायकांचं काय झालं तेही त्यात आहे. मी ते इथे वाचून दाखवणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, पावणेतीनशे वर्षं झाली, तुझा काय संबंध? मलाही आधी तसंच वाटलं. कोणीही मला टोमणा मारला नाही, कोणी हिशोब मागितला नाही. उलट मासीमांनी पानात मासा वाढला. पण त्या शहरात पुढचे सात दिवस मी जिथे जिथे जेवले, तिथे एक प्रश्न माझ्यासोबत जेवायला बसला: हे लोक इथे कसे आले, आणि येताना काय घेऊन आले?

कारण कोलकात्याचं खाणं हे बाहेरून आलेल्यांचंच खाणं आहे. पाइस हॉटेलपासून सुरू करू.

जुन्या नाण्यांत एक पाइस म्हणजे आण्याचा चौथा भाग, आपला पैसा. गावाकडून नोकरीला, शिकायला आलेल्या माणसाला थोड्या पैशांत घरासारखं जेवण मिळावं म्हणून ही हॉटेलं निघाली. आपल्या गिरणगावातल्या खाणावळींचं चुलत भावंडच. पण पद्धत वेगळी. थाळी नसते. प्रत्येक गोष्टीचे पैसे वेगळे. भात वेगळा, डाळ वेगळी, लिंबू वेगळं, काही ठिकाणी तर केळीच्या पानाचेही वेगळे. खिशात जितके आहेत तितकंच जेवा. फळ्यावर खडूने त्या दिवशीचे मासे आणि दर लिहिलेले, बाजारात जे मिळालं तेच. वाढपी तुमच्यासमोर उभा राहून एका दमात वीस-पंचवीस पदार्थ म्हणतो, आणि जेवण झाल्यावर तुम्ही काय काय घेतलं ते न लिहिता सगळं आठवून काउंटरला ओरडून सांगतो. मी दोनदा मनात बेरीज करून पाहिली. दोन्ही वेळा त्याचंच बरोबर.

कॉलेज स्ट्रीटच्या बोळात 'स्वाधीन भारत हिंदू हॉटेल' आहे. आधी नुसतं हिंदू हॉटेल होतं, स्वातंत्र्यानंतर 'स्वाधीन भारत' पुढे जोडलं. सुभाषबाबू प्रेसिडेन्सी कॉलेजात असताना इथे जेवायचे असं तिथले लोक सांगतात. न्यू मार्केटजवळ 'सिद्धेश्वरी आश्रम' आहे. नाव आश्रम, पण आत माशांचा वास. दुपारी बाराला जा. दीडनंतर गेलात तर चांगले मासे संपलेले असतात आणि वाढपी तुमच्याकडे 'आता आलात?' अशा नजरेने बघतो.

काय खायचं? पहिला घास शुक्तोचा. कारलं, शेवगा, कच्चं केळं, वांगं, सगळं मिळून किंचित कडू भाजी. बंगाली जेवण कडूने सुरू होतं आणि गोडावर संपतं, क्रम मोडायचा नाही. मग डाळ, बटाट्याचे बारीक कुरकुरीत काप, मग आलू पोस्तो. पोस्तो म्हणजे खसखस. मी सावजी खाऊन वाढलेली बाई, खसखस मला मसाल्यातली माहीत. इथे ती मसाला नसून भाजीच आहे. वाटून, कच्च्या मोहरीच्या तेलात, बटाट्यासोबत, तिखट जवळपास नाहीच. पहिल्या दिवशी मला ते आजाऱ्याचं जेवण वाटलं, तिसऱ्या दिवशी मी दोन वाट्या घेतल्या. मग मासा. पाबदा घ्या, काटे कमी. सगळं मिळून दोनशेच्या आत बिल झालं.

सिद्धेश्वरीत... नको, कुठल्या हॉटेलात ते राहू द्या, वाढप्याची ओळख पटायला नको. एका पाइस हॉटेलातल्या वाढपीकाकांनी विचारलं, कुठून? मी "नागपूर" म्हटलं आणि थांबले. आता बर्गी ऐकायचं अशी तयारी ठेवून. ते म्हणाले, "अरे! आमचा राजा तुमच्या गावचा होता." ते ओडिशाचे, बालेश्वरकडचे. कोलकात्यातल्या कितीतरी स्वयंपाकघरांत ओडिशाचेच हात आहेत, काही पाइस हॉटेलांची मालकीही ओडिया कुटुंबांची आहे. आणि खरंच, 1751 ते 1803 ओडिशावर नागपूरकर भोसल्यांचंच राज्य होतं. मी विचारलं, मग तुमच्याकडे बर्गी चांगले की वाईट? त्यांनी डाळीची बादली खाली ठेवली. "घोड्यावरून आले तेव्हा वाईट. मग बसले, जगन्नाथाला जाऊ लागले, तेव्हा ठीक." आणि पुढच्या टेबलावर गेले. इतिहासाचं एवढं आटोपशीर उत्तर मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. अर्थात हे एका वाढप्याचं मत, ओडिशाचं नाही, हे लक्षात ठेवा.

पाइस हॉटेलाचंच सख्खं भावंड म्हणजे 'मेसबाडी'. एका घरात दहा-वीस परगावचे पुरुष, सामायिक स्वयंपाकी, महिन्याचा हिशोब. तुमच्यापैकी ज्यांनी ब्योमकेश बक्षी पाहिलाय, दूरदर्शनचा रजित कपूरवाला किंवा सुशांतसिंह राजपूतचा 2015 चा सिनेमा, त्यांना आठवेल, ब्योमकेश आणि अजित पहिल्यांदा भेटतात ते अशाच मेसमध्ये. लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय स्वतः शिकायला कोलकात्यात आले तेव्हा मेसमध्ये राहिले होते. आणि आता ऐका गंमत. हे शरदिंदुबाबू 1938 मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी मुंबईला आले आणि 1952 पासून चक्क पुण्यात राहिले. ब्योमकेशच्या कितीतरी गोष्टी पुण्यात बसून लिहिलेल्या आहेत. एक तर महाबळेश्वरच्या हॉटेलात घडते! हे मी मासीमांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "जानी." म्हणजे माहितीय. पुणेकरांना माहितीय का, असं त्यांनी विचारलं. मी विषय बदलला.

कॉफी हाउसबद्दल फार बोलत नाही, सगळ्यांनी फोटो पाहिलेत. अल्बर्ट हॉलची उंच इमारत, 1942 पासून तिथे कॉफी हाउस, 1958 पासून कामगारांची सहकारी संस्था ते चालवते. डोक्याला तुरेवाला फेटा बांधलेले वाढपी. कॉफी ठीकठाक. खरं सांगायचं तर नागपूरच्या सदरमधलं कॉफी हाउस मला जास्त आवडतं, पण तिथे भिंतीवरून रवींद्रनाथ तुमच्याकडे बघत नाहीत. समोरच्या गल्लीत 'पॅरामाउंट' आहे, 1918 चं सरबताचं दुकान. तिथला डाब सरबत प्या. शहाळ्याचं पाणी, त्यात कोवळी मलई. हे मात्र चुकवू नका.

तर बाहेरून आलेले लोक. लखनौचा नवाब वाजिदअली शाह 1856 मध्ये राज्य गेल्यावर इथे आला, मटियाबुर्जला राहिला, आणि त्याच्यासोबत बिर्याणी आली. तिच्यात बटाटा कसा शिरला यावर लोक तासभर भांडतात, पण बटाटा नसेल तर ताट परत करतात. न्यू मार्केटमध्ये 'नाहूम'ची बेकरी, 1902 ची, बगदादी ज्यूंची. आता शहरात ज्यू माणसं बोटावर मोजण्याइतकी राहिलीत, पण नाताळात त्यांच्या प्लम केकसाठी हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे रांगेत. मीही होते, पंचेचाळीस मिनिटं. रविवारी पहाटे टिरेटा बाजारात चिनी नाश्ता मिळतो, फुटपाथवर, वाफाळते बाओ, माशाच्या गोळ्यांचं सूप. सहाला पोचा, आठला सगळं आवरलेलं असतं. तिथल्या एका आजीच्या टोपलीतून मी बाओ घेतले. तिच्या लोकांना 1962 च्या चीन युद्धानंतर काय सोसावं लागलं माहितीय? भारतातल्या कितीतरी चिनी कुटुंबांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं होतं, इथे जन्मलेल्यांनासुद्धा. सुटल्यावर पुष्कळ जण कॅनडाला निघून गेले. जे राहिले ते रविवारी पहाटे बाओ वाफवतात.

आणि मराठी? सापडली की. तीही अशा ठिकाणी जिथे मी शोधत नव्हते.

बऊबाजार म्हणजे सोन्या-चांदीच्या दुकानांची वस्ती. तिथे चहाच्या टपरीवर मी फोनवर आईशी बोलत होते. फोन ठेवला तर बाजूचा माणूस म्हणाला, "कुठल्या गावच्या म्हणायच्या ताई?" अस्सल सांगलीकडची बोली! विट्याजवळचे होते. खानापूर, आटपाडी, विटा, या दुष्काळी भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईचं काम करायला देशभर गेलीत. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं. ॲसिड, भट्टी, धूर. दागिना चमकतो, त्याआधीचं सगळं यांच्या वाट्याला. ते म्हणाले, "वडील आले हुते हितं, मी हितंच मोठा झालो. पोरगी बंगालीतच बोलती, मराठी समजती पण बोलायचा कंटाळा करती." मी विचारलं, लोक तुम्हाला बर्गी म्हणतात का? ते हसले. "आमाला कोण बर्गी म्हंतंय ताई? बर्गी घेऊन गेलं, आमी गाळून देतुय." चहाचे पैसे त्यांनीच दिले. मी आग्रह केला तर म्हणाले, "पावण्याकडनं घेत्यात व्हय?"

गंगारामच्या काव्यातला तराजू घेऊन पळणारा सोनार मला तिथे आठवला. मी त्यांना ते सांगितलं नाही.

महाराष्ट्र निवास म्हणून एक जुनी मराठी वास्तू हाजरा रोडवर आहे. मी बाहेरून पाहून आले, कार्यक्रम नव्हता त्या दिवशी. पण कोलकात्यातला मला सगळ्यात आवडलेला मराठी माणूस 1912 सालीच गेला. सखाराम गणेश देउस्कर. देवघरकडे वाढलेला, बंगालीत लिहिणारा. 1904 मध्ये त्यांचं 'देशेर कथा' आलं, इंग्रजांनी देश कसा नागवला त्याचा हिशोब. पुस्तक एवढं वाचलं गेलं की 1910 मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. याच माणसाने कोलकात्यात शिवाजी उत्सव सुरू करायला पुढाकार घेतला, आणि त्यांच्या आग्रहावरून रवींद्रनाथांनी 'शिवाजी उत्सव' ही कविता लिहिली. विचार करा, ज्या भाषेत मराठ्यांची भीती घालून मुलं झोपवतात, त्याच भाषेतला सगळ्यात मोठा कवी शिवाजी महाराजांवर कविता करतो. दोन्ही गोष्टी खऱ्या. मासीमांना दोन्ही पाठ होत्या.

सहाव्या दिवशी मी त्यांना म्हटलं, मराठा डिच लेन कुठे आहे, मला बघायचीय. कोलकात्यात या नावाची गल्ली आहे, आणि ती बागबाजारलाच आहे. बर्गी येणार या भीतीने 1743 च्या सुमारास शहराच्या कडेने खंदक खणायला घेतला होता, त्याचा हा उरलेला पत्ता. सात मैल खणायचं ठरलं होतं, तीनेक मैल झाला आणि मराठे काही कोलकात्यावर आलेच नाहीत, म्हणून काम थांबलं. पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. आज त्याचीच नावं आचार्य प्रफुल्लचंद्र रोड आणि आचार्य जगदीशचंद्र बोस रोड. म्हणजे कोलकात्यातला एक मुख्य रस्ता आमच्या भीतीवर बांधलाय, आणि आता त्यावर दोन शास्त्रज्ञांची नावं आहेत. हा बदल मला फार आवडला.

मासीमा माझ्यासोबत आल्या. जाताना नाक्यावर कचोरी आणि बटाट्याची पातळ भाजी खाल्ली, वर गरम जिलबी. गल्लीत बघण्यासारखं काही नाही. घरं, एक इस्त्रीवाला, प्लास्टिकची बॅट घेतलेली पोरं, दोरीवर साड्या. मी पाटीचा फोटो काढत होते तर एका पोराने विचारलं, काय शोधताय? मासीमा म्हणाल्या, ही तिचं घर शोधतेय. पोरगा म्हणाला, इथे भाड्याने खोली नाही. आम्ही दोघी तिथेच पोट धरून हसलो.

परत येताना त्या थोड्या गप्प होत्या. ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या की त्यांचंही घर प्रोमोटर मागतोय. एक मुलगा बंगळुरूला, एक न्यू जर्सीला, दोघांचं म्हणणं, देऊन टाक, तुला वरच्या मजल्यावर फ्लॅट मिळेल, लिफ्ट असेल. त्यांचे गुडघे दुखतात, लिफ्ट हवीच आहे. "पण फ्लॅटला रोक नसतो," त्या म्हणाल्या. मी काय बोलणार? आमच्याही महालातले वाडे असेच एकेक करून गेले, आमचा स्वतःचाही गेला. आता तिथे पार्किंग आहे. ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, मग तुझी आई संध्याकाळी कुठे बसते? मला पटकन उत्तर देता येईना. बाल्कनीत, म्हटलं. एकटीच? हो.

निघायच्या दिवशी मी खोलीचे पैसे मोजून दिले. रोजचे सहाशे ठरले होते, जेवणासकट. त्यांनी दोन दिवसांचे परत केले, बर्गीकडून जास्त घेतले तर ती फौज घेऊन येईल, म्हणे. बर्फीबद्दलचं मतही तेव्हाच सांगितलं: छान आहे, पण यात छेना नाही. बंगाली माणसासाठी छेना नसलेली मिठाई म्हणजे अर्धीच मिठाई. आणि जाताना हातात दिलं नोलेन गुडाचं पाटाली. नोलेन गूड म्हणजे खजुरीच्या रसाचा नवा गूळ, फक्त थंडीत मिळतो. पाटाली म्हणजे त्याची ढेप. वास असा की गीतांजलीच्या अख्ख्या कंपार्टमेंटने विचारलं, काय आहे ताई पिशवीत?

जाताना हावड्याला मेट्रोने नाही, लाँचने गेले. बागबाजार घाटावरून मिळते, तिकीट अगदी किरकोळ. तुम्हीही तसंच करा. सामान कमी असेल तर कोलकाता सोडायची याहून चांगली वाट नाही.

घरी आले तेव्हा संक्रांत चार दिवसांवर होती. आईने त्याच गुळाचे तिळाचे लाडू करायला घेतले. लाडू काही वळले जाईनात, तो गूळ आपल्या चिक्कीच्या गुळासारखा धरत नाही. शेवटी ताटात थापून वड्या पाडल्या. फोटो मासीमांना पाठवला. त्यांचा व्हॉइस मेसेज आला, एकोणीस सेकंदांचा, त्यात बारा सेकंद हसणंच आहे. आईने तो तीनदा ऐकला आणि विचारलं, "या बाईला इकडे बोलावलं तर येईल का गं? गुडघ्यांचं कसं करायचं? गीतांजलीत खालचा बर्थ मिळेल ना?"

मार्चचं तिकीट बघतेय. खालचा बर्थ अजून मिळालेला नाही. मिळाला की सांगते. तोवर तुमच्यापैकी कोणी कोलकात्यात, ओडिशात किंवा आणखी कुठे राहत असाल आणि तिथे मराठी माणसाला काय म्हणतात हे माहीत असेल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. शिव्या असतील तरी चालेल. भेटू पुढच्या भागात.